धोतरावरचे सकिनालू : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक कलाकाम

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला एक काम सादर केलं. भिंतीवर टांगलेली चार जुनी सुती धोतरं आणि त्यांवर निळी-काळी, एकात एक फिरणारी वर्तुळं, एवढंच. रंग म्हणून औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन वापरलं होतं. वर्तुळं तिने काढलेली नव्हती. ती बहुतेक तिच्या आजीच्या हातची होती, आणि आजीने ती घातली होती संक्रांतीच्या फराळासाठी, सकिनालू या तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोल पदार्थासाठी, चित्रबित्र तिच्या मनातही नव्हतं. परीक्षकांनी विचारलं, यात तुझं काय? घरच्यांनी विचारलं, आपलं खाणं भिंतीवर कशाला टांगायचं?

प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं. अन्न, पूर्वज आणि कला हा विषय हल्ली इतक्या ठिकाणी, इतक्या गोड शब्दांत येतो की त्याची धास्तीच वाटते. म्हणून इथे एकच प्रकरण घेतो, जसं घडलं तसं. नावं देत नाही, घरच्यांनी तशी अट घातली आहे. आजीला घरात सगळे अव्वा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

घर

पूर्व भाग म्हणजे साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या बाजूचा दाट वस्तीचा पट्टा. इथे गल्लीत तेलुगू ऐकू येतं, दुकानांच्या पाट्या मराठीत असतात आणि भांडण दोन्ही भाषांत होतं. पद्मशाली विणकरांची ही वस्ती. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर अशा भागांतून ही कुटुंबं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने सोलापुरात आली. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत होतं, आणि त्याच सुमारास, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदासांनी इथे कापडगिरणी काढली. पुढे आणखी गिरण्या आल्या तशी हिला लोक जुनी मिल म्हणू लागले. गिरणीला हात हवे होते आणि माग चालवणाऱ्या हातांना पोटाला हवं होतं. जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, बाकीच्याही एकेक करत गेल्या. माणसं मात्र राहिली, हातमागावर, मग यंत्रमागावर.

या घराची कथा त्याच वाटेने जाते. पणजोबा गिरणीत होते. आजोबांनी घरातच हातमाग टाकला. वडिलांनी यंत्रमागावर चादरी विणल्या, आता ते दुसऱ्याच्या कारखान्यात जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, काम बघतात. अव्वा लग्न होऊन तेलंगणातून आली, आधी नवऱ्याच्या मागासाठी कांड्या भरायची, मग विड्या वळायला बसली. पूर्व भागात हे चित्र घरोघरी दिसतं: मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विडीला कोण देणार?

खाण्यात भाकरी, अंबाडीची भाजी, डाळ, आणि सणावाराला तांदळाचे पदार्थ. शेंगाचटणी सोलापुरात आल्यावर घरात शिरली. सकिनालू सोबत आले होते.

आधीचे दोन प्रयत्न

प्रकल्पाचा विषय तिनेच निवडला होता, 'माझी मुळं'. पहिलं काम कोलाजचं. चादरीचा तुकडा, त्यावर मोर, एका कोपऱ्यात उखळ आणि शेंगाचटणी, मागे सिद्धेश्वराचं तळं, नंदीध्वज. नीटनेटकं होतं. रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर शोभलं असतं. मी तसं म्हटलं, तिला राग आला, आणि काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

दुसरा प्रयत्न जास्त गंभीर होता. तेलंगणातल्या चेरियाल गावची पटचित्रं तिला सापडली. लांबच लांब सुती पट, बहुतेक वेळा तांबडी पार्श्वभूमी, आडवे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात गोष्टीतला एकेक प्रसंग. कथेकरी हा पट उलगडत गोष्ट सांगतात. या परंपरेतली मोठी गंमत अशी की जातीगणिक पुराण वेगळं, पट वेगळा आणि तो सांगणारेही वेगळे. पद्मशालींना त्यांचं कुळपुराण सांगणारे ते कूनपुली. मार्कंडेय ऋषींचा मुलगा भावनाऋषी, त्याने कमळाच्या देठातल्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणलं, अशी ती कथा. मार्कंडेय सोलापुरातही आहेत, त्यांचं मंदिर आहे, नारळी पौर्णिमेला रथ निघतो. पण पट घेऊन येणारे कूनपुली तिने कधी पाहिले नव्हते. अव्वाने पाहिले होते, माहेरी, लहानपणी. गोष्ट कशी संपते असं नातीने विचारलं तर अव्वा म्हणाली, "मला काय माहीत? रात्रभर चालायचं ते. शेवट यायच्या आत मी झोपलेली असायचे."

मोबाइलवरच्या छायाचित्रांवरून तिने भावनाऋषीचा पट रंगवला. हात चांगला आहे तिचा, रेषा स्वच्छ आली. तरी ते दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं उत्तर वाटत होतं. चेरियालच्या नकाशी या चित्रकार घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जे घोटलं आहे ते आडनाव तेलुगू आहे म्हणून आपोआप हातात येत नाही. हे तिलाही कळत होतं.

या प्रयत्नातून चित्र टिकलं नाही, पण एक गोष्ट हाती लागली, आणि ती चित्राच्या खालची होती. चेरियालचा पट रंगवण्याआधी कापडावर थर द्यावे लागतात: तांदळाची कांजी, पांढरी माती, डिंक आणि शिजवलेल्या चिंचोक्यांची पेस्ट. तिने हे सगळं घरी करायला घेतलं. चिंचोके भिजवले, सोलले, वाटले, शिजवले. दिवस पावसाळ्याचे. पातेल्याला वास सुटला, कापडावर बुरशीचे ठिपके आले.

"काय करूलालीस गं? खळ आंबली की ही," अव्वा म्हणाली, आणि तिथून ती या प्रकल्पात शिरली.

अव्वाला खळ माहीत होती, कारण हातमागाच्या दिवसांत ती तिने रोज केली होती. ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत नुसतं मागावर चढवलं तर घासून त्याचे तंतू उभे राहतात, धागा तुटतो. म्हणून ताणा गल्लीत लांब पसरायचा आणि त्याला कांजीची खळ द्यायची. पांजणी म्हणतात त्याला. खळ फार घट्ट झाली तर सूत कडक होऊन मोडतं, पातळ राहिली तर धरत नाही. त्यात तेलाचा थेंब टाकायचा म्हणजे सूत मऊ राहतं. कुंचा नेहमी धाग्याच्या लांबीने ओढायचा, आडवा कधीच नाही. आणि खळ साठवायची असेल तर चिमूटभर मोरचूद, पुस्तकं बांधणारेही घालतात तसा, म्हणजे कीड आणि बुरशी लांब राहते. मोरचूद विषारी, म्हणून ते पातेलं चुलीपाशी कधी यायचं नाही. हे सांगताना अव्वाचा हात हवेत कुंचा ओढत होता. चिंचोक्याची पेस्ट तिने आयुष्यात केली नव्हती, पण नातीच्या पातेल्यात चमचा घालून, चमच्याच्या पाठीवर बोट फिरवून तिने सांगितलं की अजून शिजायला हवी. बरोबर होतं.

संक्रांतीचा आठवडा

जानेवारीत सोलापूर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत असतं. नंदीध्वज, अक्षता, होमाचं मैदान, पाळणे, मौत का कुआं असलं सगळं. त्याच आठवड्यात पूर्व भागातल्या घरांत सकिनालू होतात.

तांदूळ भिजवायचे, निथळायचे, ओलसर असतानाच दळायचे. पिठात तीळ, ओवा, मीठ आणि लागेल तसं पाणी. मग जमिनीवर स्वच्छ सुती कापड अंथरायचं. बायका त्याच्या कडेने बसतात. पिठाचा गोळा मुठीत धरून अंगठा आणि दोन बोटांत पीळ देत देत त्याची दोरी कापडावर सोडायची, एक वेढा, त्याला लागून बाहेर दुसरा, मग तिसरा. वेढा मोडू द्यायचा नाही. कापड पिठातलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे थोड्या वेळाने सकिनम अख्खं उचलता येतं. मग तेलात. एक घाणा उचलला की त्याच कापडावर पुढचा. लेकीच्या सासरी डबा भरून पाठवायचा म्हणजे घाण्यावर घाणे होतात.

या घरात कापड म्हणून आजोबांची धोतरं अंथरतात. ते गेल्यापासून अव्वाने त्यांचं दुसरं काही केलं नाही, वर्षातून एकदा बाहेर काढायची, सकिनालू झाले की धुऊन घडी करून ठेवायची.

त्या वर्षी सकिनालू उचलल्यावर खाली राहिलेली पांढरट वर्तुळं नातीच्या नजरेत भरली. लहानपणापासून ती पाहतच होती. पण सहा महिने खळीत हात घालून बसल्यावर तांदळाचा स्टार्च कापडावर कसा दिसतो, वाळला की कसा ताठ होतो, हे तिला बोटांनी कळायला लागलं होतं. याला कुणी साक्षात्कार म्हणेल. मला त्यात सराव दिसतो.

वर्तुळं पांढऱ्यावर पांढरी, दुरून काहीच दिसत नाही. ती दिसावीत कशी? इथे शाळेतलं विज्ञान कामाला आलं. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा होतो, तो प्रयोग. तांदूळही स्टार्चच. पण धोतराला हात लावायच्या आधी तिने बाजारातून नवं कोरं मांजरपाट आणलं, त्यावर पिठाची वर्तुळं घातली, वाळवली आणि पाण्यात पातळ केलेलं आयोडीन फवारलं. सगळं कापडच निळं झालं. वर्तुळं त्यात बुडून गेली.

वडील संध्याकाळी घरी आले आणि हसायला लागले. कोऱ्या कापडात खळ असते की! मागावरून उतरलेल्या कापडातली खळ काढल्याशिवाय त्याला रंग नीट लागत नाही, आणि ती पुरती निघाली का हे प्रोसेसिंगवाले आयोडीनचा थेंब टाकूनच बघतात. निळं आलं तर खळ आहे, पिवळट राहिलं तर गेली. म्हणजे मुलीने घातलेलं तांदळाचं वर्तुळ आणि बापाच्या धंद्यातली खळ, आयोडीनने दोघांना एकाच रंगात दाखवलं होतं. जुन्या, शेकडो वेळा धुतलेल्या धोतरात खळीचा मागमूस नव्हता. तिथे फवारा मारल्यावर कापड फिकट पिवळं झालं आणि वर्तुळं निळी-काळी उठून आली, अडकलेल्या तिळांसकट.

माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं इथे आहे. पहिल्या कोलाजमध्ये चादर होती, चटणी होती, देऊळ होतं, सगळा वारसा हजर होता, आणि चित्रात कुणीच नव्हतं. धोतरावर यातलं काहीच नाही. तिथे आहे ती पीळ देण्याची सवय. जी बोटं कांडीवर सूत भरायची, विडीला दोरा गुंडाळायची, तीच पिठाची दोरी सोडतात. कुळपुराणाचा शेवट अव्वाने ऐकलेला नाही, गावाकडच्या पणजोबांच्या मागची नावं कुणाला सांगता येत नाहीत, पण खळ किती शिजली हे बोटाला कळतं. पूर्वजांकडून आलेलं असं काही असेल तर ते बहुधा याच वाटेने येतं, करता करता. उंबऱ्यातला मुग्गू, म्हणजे तेलुगू घरांतली पिठाची रांगोळी, किंवा वारल्यांची तांदळाच्या पिठाने रंगवलेली भिंत घ्या, तिथेही स्वयंपाकाचं पीठ आणि चित्राचा रंग वेगळ्या डब्यांत ठेवलेले नसतात.

जवळून पाहिलं की धोतरांवर माणसंही वेगळी ओळखू येतात. अव्वाची वर्तुळं घट्ट, वेढ्याला वेढा चिकटलेला. शेवटच्या घाण्यांत तीच सैल होत गेलेली, अंगठा दुखायला लागल्यावर. सुनेच्या, म्हणजे मुलीच्या आईच्या वेढ्यांत फट जास्त. आत्याची वर्तुळं मोठी आणि जरा लांबट. घाण्यावर घाणा पडल्यामुळे एकावर एक दहा वर्तुळं चढलेली जागाही आहे, तिथे कापड जवळजवळ काळं आहे.

घरचा विरोध

आयोडीन लागलेलं कापड पुन्हा खाण्याला वापरता येत नाही. ही साधी गोष्ट तिने आधी बोलूनच दाखवली नव्हती. एका धोतराचा चाचणीसाठी बळी गेल्यावर अव्वाच्या ध्यानात आलं. "अन्नाच्या कापडाला औषध लावलंस?" एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस स्वयंपाकघरात नातीला फिरकू दिलं नाही.

मग वाटाघाटी झाल्या, आणि खरं सांगायचं तर या कामातला सगळ्यात चांगला भाग मला तोच वाटतो. कोणती धोतरं द्यायची हे अव्वाने ठरवलं. चार दिली. सगळ्यात तलम, आजोबांनी स्वतः विणलेलं होतं ते दिलं नाही. चित्रासाठी वेगळे सकिनालू घालायचे नाहीत, घरात लागतील तेवढेच, आणि घातलेलं सगळं खाल्लं गेलं पाहिजे. कापड नंतर काय ते तुझं. प्रदर्शनात खाण्याचा पदार्थ भिंतीला चिकटवायचा नाही, काचेत ठेवायचा नाही.

आत्याचा आक्षेप निराळा होता. सकिनालूला तिने तुकडा तांदूळ घातला होता, आणि हे कुठे लिहून आलं तर लोक काय म्हणतील? पीठच करायचं तर तुकडा का नको, असा हिशोब तिने आयुष्यभर केला. तो पाहुण्यांना ऐकवायची तिची तयारी नव्हती. माहितीफलकावर 'तांदूळ' एवढंच आलं. तिच्या परवानगीने इथे तुकडा लिहितो आहे, नाव नाही या बोलीवर.

विडीचा मुद्दा सर्वांत अवघड. नातीला धोतरांशेजारी अव्वाचं विडीचं सूप, कात्री आणि साचा मांडायचा होता. कल्पना वाईट नव्हती. बोटांचा पीळ एकच, हे बघणाऱ्याला लगेच कळलं असतं. परीक्षकांना तर फारच आवडलं असतं, कारण कष्टाची वस्तू दालनात ठेवली की कामाला आपोआप वजन येतं. अव्वाने साफ नाही म्हटलं. "ते पोटासाठी केलं. हे हौसेनं. दोन्ही एका भिंतीवर नको." नातीने वाद घातला. मी मध्ये पडलो नाही. शेवटी सूप घरीच राहिलं.

यात कलाकाराचं स्वातंत्र्य दबलं का? दबलं, थोडं. पण वारसा म्हणून काय दाखवायचं हे ज्याचे हात आहेत त्याने ठरवावं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं. अव्वाच्या दृष्टीने विडी हा तिच्यावर आलेला प्रसंग होता. सकिनालू तिचे होते.

परीक्षा

तीन परीक्षकांपैकी एकाला काम आवडलं, एकाने काही विचारलं नाही, तिसऱ्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, खाणं वापरायचंच होतं तर लोकांना वाढलं का नाही? त्यांनी रिर्क्रित तिरावनिजा या थाई कलाकाराचा दाखला दिला. त्याने १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत चित्रं टांगण्याऐवजी थाई करी रांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भातासोबत वाढली. दाखला चांगला होता. तिचं उत्तर असं की सकिनालू येणाऱ्या-जाणाऱ्याचा पदार्थ नाही, तो ठरलेल्या घरी जातो, आणि ते घर ठरवणं हाच त्यातला मान आहे. शिवाय ते जानेवारीतले सकिनालू एप्रिलपर्यंत राहिलेच कुठे होते.

(अव्वा आलीच होती त्या दिवशी, पिशवीत एक डबा घेऊन. तिने शिपायाला दिले, मला दिले, परीक्षकांना दिले नाहीत. विसरली म्हणाली.)

दुसरा प्रश्न तोच, यात तुझं काय? चौथ्या धोतराच्या खालच्या कोपऱ्यात दोन वर्तुळं आहेत, मधेच तुटलेली, वेढे एकमेकांवर चढलेले. ती नातीची. तिने तिकडे बोट दाखवलं. परीक्षकांचं समाधान झालं नाही आणि मला त्यांचं फारसं चुकलं असंही वाटत नाही. निवड तिची, रसायन तिचं, टांगण्याची रीत तिची. पण भिंतीवर जे दिसतं त्यातलं बहुतेक दुसऱ्याच्या हातचं आहे. गुण बरे मिळाले, पहिला क्रमांक कोलाजवाल्या एका मुलाला गेला.

फलकावर नावं कुणाची घालायची यावर परीक्षेआधीच चर्चा झाली होती. 'सहकार्य : कुटुंबीय' असं लिहायचा रिवाज आहे. तो मला नेहमीच नाटकाच्या जाहिरातीतल्या बारीक टायपासारखा वाटतो. तिने वर्तुळं घालणाऱ्या चारही बायकांची नावं एका ओळीत, एकाच आकारात लिहिली, स्वतःचं त्यात चौथं. अव्वाला वाचता येत नाही. तिने नातीकडून फलक दोनदा वाचून घेतला आणि विकलं गेलं तर पैशाचे भाग चार का, असं विचारलं.

कच्चा रंग

विकण्याचा प्रश्न खरंच आला. प्रदर्शन बघायला आलेल्या एका कापड व्यापाऱ्याला दोन धोतरं हवी होती. त्याने पहिलीच चौकशी रंगाची केली. सोलापूरची चादर ज्या दोन शब्दांवर पिढ्यानपिढ्या विकली गेली ते 'पक्का रंग', आणि इथे रंग इतका कच्चा की सांगायची सोय नाही. आयोडीन हवेत उडून जातं. आधी कापडाचा पिवळटपणा जातो, त्यामुळे सुरुवातीला वर्तुळं आणखी खुलतात, मग हळूहळू निळाही फिकट होतो. उन्हाळ्यात लवकर. हवाबंद काचेत ठेवलं तर वेग मंदावतो, थांबत नाही. पुन्हा फवारलं की परत उमटतं, पण स्टार्च कापडावर असेपर्यंतच. धोतर धुतलं की संपलं.

मी फोटो काढून त्याच्या मर्यादित प्रती विकायचं सुचवलं. तिला ते पटलं नाही. तिने व्यापाऱ्याला कागदावर लिहून दिलं: रंग जाणार. पुन्हा हवा असेल तर वर्षातून एकदा ती येऊन फवारून देईल. धोतर धुवायचं नाही, झुरळ-कसरीपासून जपायचं. हे मान्य असेल तर घ्या. व्यापाऱ्याने एक घेतलं. किंमत सांगायची नाही असं ठरलंय. भाग चारच झाले.

उरलेली तीन आता घरी ट्रंकेत आहेत, डांबरगोळ्यांसोबत. त्यातल्या दोनांवरचं निळं जवळजवळ गेलं आहे.

जॅकार्डवरचं वर्तुळ

यातून एक फाटा असा फुटला की ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती. वडील ज्या कारखान्यात आहेत तिथल्या मालकाने मोबाइलवर धोतरांचे फोटो पाहिले आणि चादरीला हा नमुना चालेल का असं विचारलं. सोलापुरी चादर दुपदरी, एका बाजूला जो रंग नक्षीत तो दुसऱ्या बाजूला जमिनीत, म्हणजे एका बाजूला पांढऱ्यावर निळे सकिनालू आणि उलटवली की निळ्यावर पांढरे. मालकाला ते आवडलं. मुलीला फारसं नाही. विणीचा ठरीव नमुना झाला की अव्वाचा दुखरा अंगठा त्यात राहणार नाही, असं तिचं म्हणणं. वडिलांनी यावर जे उत्तर दिलं ते मला विचार करण्यासारखं वाटतं: मग माझा हात येईल त्यात, तो काय परका आहे?

ते गंभीरपणे कामाला लागले आहेत. अडचण अशी की जॅकार्डचा नमुना आधी चौकटीच्या ग्राफवर काढायचा असतो, एकेक चौकोन म्हणजे धाग्यांची एकेक जागा, आणि त्यावरून कार्डं पंच होतात. वर्तुळाची कड त्यात पायऱ्यापायऱ्यांची होते, मोठ्या वर्तुळात ती खपते, सकिनालूच्या बारीक वेढ्यांत डोळ्याला खुपते. दुसरं म्हणजे इंचात ताण्याचे धागे जास्त आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, कमी असले तर साध्या चौकोनी ग्राफवर काढलेलं गोल वर्तुळ कापडावर उभट होऊन उतरतं. त्यांच्या पहिल्या ग्राफचं असंच झालं असतं, त्यांनी आधीच ओळखलं. वेढे पाचाचे तीन केले, दोन वेढ्यांत फट ठेवली, सुनेच्या हाताची असते तशी, आणि वर्तुळ कागदावर मुद्दाम आडवं, अंडाकृती काढलं. अव्वाने तो कागद पाहिला आणि हे आत्याचं आहे, माझं नाही, असं सांगून परत केला. त्यामुळे आता दुसरा ग्राफ चालू आहे. कार्डं पंच करायला मालकाने दिवाळीनंतरची वेळ दिली आहे, तोवर नेहमीच्या चादरींच्या ऑर्डरी संपवायच्या आहेत.